ताजा टॅटू, आजीची हळद आणि मे महिना
(वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे)

प्रश्न : सादर नमस्कार, डॉक्टर. मी २३ वर्षांची असून नागपूरला मानेवाडा भागात राहते. सहा दिवसांपूर्वी मी उजव्या मनगटाच्या थोडे वर टॅटू काढून घेतला. कालपासून त्यावरून कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटत आहेत आणि त्यांना चक्क शाईचा काळा रंग आहे, त्यामुळे टॅटूच निघून जातो आहे की काय, अशी धास्ती वाटते. खाजही फार सुटते. आजी म्हणते, हळद आणि खोबरेल तेल लाव, आमचे गोंदण साठ वर्षे झाली तरी जसेच्या तसे आहे. दहा दिवसांनी मावसबहिणीचे लग्न आहे. मी काय करावे?

उत्तर : टॅटू निघून जात नाही; निघते आहे ती वरची मेलेली कातडी. टॅटूची सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाऊन बाह्यत्वचेच्या खाली असलेल्या अंतस्त्वचेत शाई सोडते, पण जाता-येता थोडी शाई बाह्यत्वचेतही राहतेच. नवी बाह्यत्वचा तयार झाली की जुनी तो रंग घेऊन गळून पडते, आणि हे चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत चालू राहणे अगदी स्वाभाविक आहे. पापुद्रे गेल्यावर काही दिवस टॅटू फिकट, दुधाळ पडदा ओढल्यासारखा दिसेल. त्यानेही घाबरू नये.

आतली शाई मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळून धरून ठेवतात. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की, अशी पेशी मेल्यावर तिने सोडलेला रंग तिच्या जागी आलेली नवी पेशी उचलून घेते. आजींचे गोंदण साठ वर्षे टिकले ते या पेशींमुळे. हळदीचा त्यात काही वाटा नाही. शिवाय ज्यांचे गोंदण नीट भरून आले त्यांचेच हात आज आपण कौतुकाने पाहतो. ज्यांचे हात तेव्हा पिकले, सुजले, त्यांची गोष्ट घरात कोणी सांगत बसत नाही. आजींना हे दुखावून सांगू नका, पण स्वयंपाकघरातील डब्यातली हळद जंतुविरहित नसते, तिचे कण ओल्या जखमेत अडकून बसतात आणि काही जणांना हळदीचीच ॲलर्जी होऊन तेथे लाल चट्टे उठतात, एवढे त्यांना नक्की समजावून सांगा. खोबरेल तेलाला माझा तेवढा विरोध नाही. मात्र ते कातडी बंद झाल्यानंतर लावावे आणि घरातल्या सर्वांची बोटे बुडालेल्या बाटलीतले नसावे.

आता नेमके काय करावे, ते सांगते. आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत, मग दिवसातून दोन वेळा, घाम फार आला तर तीन वेळा, कोमट पाण्याने आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने टॅटूवरून बोटांची पेरे अलगद फिरवावीत. घरातला सामाईक टॉवेल किंवा पंचा त्यावर कधीही घासू नये. स्वच्छ मऊ कापडाने नुसते टिपून घ्यावे. नंतर बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर इतके पातळ लावावे की कातडीवर चकाकी दिसेल पण बोट घसरणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार काळजी कमी घेतल्याची नसून जास्त घेतल्याची असते : मलमाचा जाड थर, वरून पट्टी, दर तासाला हात लावून पाहणे. औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणून लावणे हा तर आपल्याकडचा जुना रोग आहे. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते आणि त्याने जखम भरणे लांबते. जोडीला निओमायसिन हे प्रतिजैविक असेल तर ॲलर्जीची शक्यता वेगळीच.

खाज सुटली तर नखे लावू नयेत, पापुद्रा अर्धवट सुटला असला तरी ओढू नये. ओढलेल्या जागी शाई उखडून पांढरट ठिपका राहतो आणि तो भरण्यासाठी पुन्हा सुईखाली जावे लागते. थंड पाण्यात पिळलेले स्वच्छ कापड दोन मिनिटे ठेवल्यास बराच आराम पडतो.

लग्नाच्या वेळी तुमचा टॅटू सोळा दिवसांचा असेल. वरची कातडी भरायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि आतली घडी बसायला दोन-तीन महिने, म्हणजे तुम्ही नेमक्या उंबरठ्यावर आहात. हळदीच्या कार्यक्रमात तो हात बाजूला ठेवावा. उजव्या हातात बांगड्या भरू नयेत. दिवसभर काचेच्या बांगड्यांची कड नव्या कातडीवर घासत राहणे वाईट. मेंदी काढायचीच असेल तर टॅटूपासून दूर काढावी, आणि झटपट रंगणारी 'काळी मेंदी' टॅटू असो वा नसो, मुळीच नको, कारण तिच्यात बऱ्याचदा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असते आणि त्याने फोड येतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा दुपारी बाहेर पडताना सैल सुती बाहीने हात झाकावा. सनस्क्रीन आत्ता नको. सगळे पापुद्रे जाऊन कातडीचा कोवळा चकचकीतपणा गेल्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे लावण्यास सुरुवात करावी.

प्रश्न : मी दिवसभर दुचाकीवरून पार्सल पोहोचवतो. पोटरीवर टॅटू काढला तेव्हा काढणाऱ्याने स्वयंपाकघरातील प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळून दिली आणि चार दिवस काढू नका असे सांगितले. काल ती काढली तर केसांच्या मुळाशी बारीक, टोकाला पू असलेल्या पुळ्या दिसल्या. टॅटू खराब झाला का?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून या केसपुळ्या वाटतात. स्वयंपाकघरातली फिल्म पहिल्या काही तासांपुरती असते, कारण तिच्यातून घाम बाहेर जात नाही. चार दिवस, तेही आपल्या उन्हाळ्यात, म्हणजे पोटरीला घामाच्या पिशवीत ठेवल्यासारखे झाले. दवाखान्यात वापरतात तशी चिकट पारदर्शक फिल्म वेगळी असते, तिच्यातून बाष्प जाते आणि ती काही दिवस ठेवता येते. तरी तिच्या कडेने पाणी झिरपू लागले की तीही काढून टाकावी. आता पोटरी उघडी ठेवा, घट्ट जीन्सऐवजी सैल पायजमा घाला, वर सांगितल्याप्रमाणे धुवा. तीन-चार आठवडे पोहण्याच्या टाक्यात उतरू नका आणि कूलरच्या टाकीतल्या साचलेल्या पाण्याचे शिंतोडे पायावर येऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांत पुळ्या बसायला हव्यात.

बसल्या नाहीत, लाली कमी होण्याऐवजी पसरू लागली, ठणका वाढला, लाल रेघ मांडीच्या दिशेने चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नागपुरातील मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. २०११ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे करड्या रंगाच्या शाईतूनच क्षयाच्या जंतूंच्या कुळातला एक जंतू १९ जणांच्या कातडीत गेला होता. अशा संसर्गात टॅटूच्या करड्या छटा असलेल्या भागातच गाठी येतात, नेहमीच्या प्रतिजैविकांनी त्या जात नाहीत आणि त्या दिसायला एक ते तीन आठवडेही लागू शकतात. म्हणून पुढच्या वेळी शाई नळाच्या पाण्याने पातळ करत नाहीत ना, हे सुई लागण्यापूर्वीच विचारून घ्या.

प्रश्न : टॅटूची जखम पूर्ण भरली आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजात रक्तदान शिबिर आहे. रक्त देता येईल का?

उत्तर : नाही. आपल्या देशातील नियमानुसार टॅटू काढल्यापासून १२ महिने रक्तदान करता येत नाही. वरची जखम भरण्याशी या मुदतीचा संबंध नाही. सुईतून हेपटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही आला असल्यास सुरुवातीच्या काळात तो तपासणीत निसटू शकतो, म्हणून ती ठेवली आहे. शिबिरातील अर्जावर टॅटूची तारीख खरी लिहा आणि पुढच्या वर्षी जरूर रक्त द्या.