रोमहून फ्लॉरेन्सला खासगी गाडीने जाताना वाटेत ओर्व्हिएतो पाहावं का? गाडी वर गावापर्यंत जाते का?

तुम्ही चौघं, त्यात सत्तरीचे आई-वडील, चार मोठ्या बॅगा आणि रोमचा मुक्काम हलवून फ्लॉरेन्सला जायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मग ओर्व्हिएतो, हे कड्यावरचं जुनं गाव, जरूर घ्या. रोमहून जाऊन संध्याकाळी रोमलाच परतायचं असतं, तर मी ट्रेनच सुचवली असती, कारण तिथल्या स्टेशनसमोरूनच वर गावात जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे, मिळते. पण सामानासकट मुक्काम बदलताना गाडीच सोयीची. ओर्व्हिएतो ए-१ महामार्गाला लागूनच आहे, त्यामुळे वाट वाकडी होत नाही. रोमपासून साधारण १२० किलोमीटर, म्हणजे दीड तास, आणि पुढे फ्लॉरेन्सपर्यंत १६५ किलोमीटर, दोन तास.

चालकासह भाड्याच्या गाडीला इटलीत ‘एनसीसी’ म्हणतात. ती आधीच ठरवावी लागते, रस्त्यात हात दाखवून मिळत नाही. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा सेडानमध्ये मावणार नाहीत, तेव्हा व्हॅनच सांगा. भाव विचारताना टोल, पार्किंग आणि ओर्व्हिएतोत थांबण्याचे तास धरलेत का, हे लेखी घ्या. थांबण्याचे किमान पाच तास ठरवा. बहुतेक वाद इथेच होतात: फक्त पोहोचवण्याचा भाव सांगितलेला असतो आणि थांबण्याचे पैसे शेवटी वेगळे लागतात.

आता मुख्य प्रश्न, गाडी कुठपर्यंत? गाव टफ नावाच्या ज्वालामुखीय दगडाच्या उभ्या कड्यावर वसलंय. वरच्या जुन्या भागात वाहनांवर निर्बंध आहेत, त्याला ‘झेडटीएल’ म्हणतात. म्हणून बुकिंग करतानाच दोन जागा ठरवून टाका: उतरायचं गावाच्या पूर्व टोकाला, पियात्सा काहेन या चौकात, आणि परत गाडीत बसायचं पश्चिमेला कड्याच्या पायथ्याशी, काम्पो देल्ला फिएराच्या पार्किंगमध्ये. असं केलं की गाव एका दिशेने पार होतं, आल्या वाटेने माघारी यावं लागत नाही. नुसतं ‘ओर्व्हिएतो’ सांगितलंत, तर ड्रायव्हर खाली ओर्व्हिएतो स्कालोला, म्हणजे स्टेशनपाशी सोडू शकतो. आई-वडिलांना चालणं जड जात असेल, तर गाडीचा नंबर आधी कळवून कथेड्रलजवळ, म्हणजे गावातल्या मुख्य चर्चजवळ, जाण्याची परवानगी काढता येईल का, हेही कंपनीला विचारा.

रोमहून सकाळी आठला निघा. पियात्सा काहेनला उतरलात की शेजारीच सेंट पॅट्रिकची विहीर आहे, पोत्सो दि सान पात्रित्सियो. १५२७ साली रोमची लूट झाल्यावर पोप सातवा क्लेमेंट ओर्व्हिएतोला आश्रयाला आला. वेढा पडलाच तर कड्यावर पाणी हवं, म्हणून त्याने ही विहीर अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून खोदवून घेतली. खोली सुमारे ५३ मीटर. दोन गोल जिने एकमेकांभोवती फिरत खाली जातात: पाणी आणायला खेचरं एका जिन्याने उतरायची, तळाशी पूल ओलांडायची आणि दुसऱ्याने चढायची, म्हणून समोरासमोर अडकायची नाहीत. आजही उतरताना विहिरीकडच्या खिडकीतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात, पण वाटेत भेटत नाहीत. खेचरांसाठी केलेल्या म्हणून पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत. पण आहेत २४८, आणि तेवढ्याच चढायच्या, लिफ्ट नाही. आई-वडिलांना शेजारच्या आल्बोर्नोत्स किल्ल्याच्या बागेत बसवा, तिथून खालची दरी छान दिसते. विहिरीत गार असतं, उन्हाळ्यातसुद्धा पातळ जॅकेट न्या.

तिथून कथेड्रलपर्यंत साधारण एक किलोमीटर चढण आहे. वडीलधाऱ्यांसाठी छोटी बस मिळते, ती घ्याच.

कथेड्रलला मात्र घाई करू नका. १२९० साली सुरू झालेलं हे काम, बाजूच्या भिंती काळ्या बसाल्ट आणि फिकट दगडाच्या पट्ट्यांच्या. दर्शनी भागातल्या सोनेरी मोझेइककडे, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेल्या चित्रांकडे, सगळे मान वर करून बघतात आणि खालचे चार खांब तसेच राहून जातात. डावीकडच्या पहिल्या खांबावर संगमरवरात आदामच्या बरगडीतून हव्वा घडते, उजवीकडच्या शेवटच्या खांबावर अंतिम निवाडा कोरलाय. आत सान ब्रित्सियोच्या चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनादालनात, लुका सिन्योरेल्लीची १४९९ ते १५०४ मधली भित्तिचित्रं आहेत. त्यात मेलेली माणसं जमिनीतून वर येतात, काही अजून नुसते सांगाडे, काहींवर मांस चढलेलं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे फिरायला अडचण होते, शक्यतो दुसरा वार निवडा.

जेवायला साडेबाराला बसा, अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर उंब्रिकेल्ली हा जाडसर हाताने वळलेला पास्ता टोमॅटोच्या किंवा ट्रफलच्या (जमिनीखाली उगवणाऱ्या अळंबीच्या) सॉसमध्ये मागवा. ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, पण सूप मांसाच्या पाण्याचं असू शकतं, म्हणून ‘ब्रोदो’, म्हणजे असं पाणी, आहे का हे वेगळं विचारा. जेवणानंतर कथेड्रलसमोर पुन्हा एकदा उभे राहा, दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्यामुळे ऊन दुपारीच त्यावर येतं.

मग कोर्सो कावूरने पश्चिमेकडे चालत जुन्या वस्तीत जा आणि तिथून एस्कलेटरने किंवा लिफ्टने थेट काम्पो देल्ला फिएराला उतरा. निघण्याआधी वीस मिनिटं ड्रायव्हरला व्हॉट्सअॅप करा, तो तिथेच उभा असेल असं धरू नका. पासपोर्ट आणि औषधं गाडीतल्या बॅगांत न ठेवता सोबत घ्या. फ्लॉरेन्सच्या मध्यभागीही असेच निर्बंध आहेत, तेव्हा हॉटेलचा पूर्ण पत्ता बुकिंगच्या वेळीच देऊन ठेवा.