ड्राइव्हलाइनचा 'कल' की 'कोन'?

प्रश्न असा आला आहे: जुन्या फोर्ड गाड्यांची नवी चॅसी बांधून हॉट रॉड (वेगासाठी बदललेली जुनी गाडी) करतात, त्या अमेरिकी कामाची माहिती मराठीत लिहिताना 'ड्राइव्हलाइन अँगल'ला, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांच्या अँगलला, काय म्हणावं? कोन, कल, उतार की ढाळ?

एकाच शब्दावर भागवू नका. 'कल' आणि 'कोन' दोन्ही घ्या, पण त्यांची कामं वेगळी ठेवा. इंग्रजीत दोन्हीकडे 'अँगल'च चालतो आणि नवशिक्याचा गोंधळ तिथेच होतो.

कल म्हणजे एखादा भाग आडव्या पातळीपासून किती कलला आहे ते. गिअरबॉक्स, त्याच्यापासून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, आणि तो मागच्या ॲक्सलमध्ये ज्या छोट्या गिअरला फिरवतो तो पिनियन, या प्रत्येकाला आपापला कल असतो. कोन मात्र दोघांत होतो, तोही युनिव्हर्सल जॉइंटपाशी, म्हणजे कोनात राहूनही फिरणाऱ्या सांध्यापाशी. आपल्या गॅरेजात त्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात, तोच शब्द ठेवा. समजा, गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली कललाय, शाफ्ट ५ अंश आणि पिनियन परत ३ अंश. कल झाले ३, ५, ३. कोन मात्र दोन्ही क्रॉसपाशी २ अंश. हेच एका शब्दात लिहून पाहा, वाचणारा हमखास अडखळेल.

कोन सारखे का हवेत? कोनात फिरणारा एकटा क्रॉस पुढे एकसारखा वेग देत नाही. प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. १० अंशांना हा फरक दोन्हीकडे सुमारे दीड टक्का असतो. मागच्या क्रॉसपाशी तेवढाच कोन असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका पातळीत असतील, तर ही चढउतार तिथे फिटते. १९४८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींत शाफ्ट नळीत बंद असे आणि क्रॉस पुढे एकच. तिथे उघडा शाफ्ट बसवला की दुसरा क्रॉस येतो, आणि त्याबरोबर हे सगळं गणित.

म्हणूनच 'अलाइन'चं मराठी इथे 'एका रेषेत' करू नका. गिअरबॉक्स आणि पिनियन 'समांतर' हवेत. सगळंच एका रेषेत आलं तर कोन शून्य होतो, क्रॉसमधले सुईसारखे बारीक नीडल रोलर फिरत नाहीत आणि एकाच जागी दाबून खळगे पाडतात.

'ढाळ' हा गवंड्याचा फार नेमका शब्द आहे, पण तो पाणी वाहून जावं म्हणून फरशीला मुद्दाम देतात. इथे तो जुळत नाही. 'उतार' रस्त्याला ठीक.

कलाच्या आकड्यासोबत दिशाही लिहा: 'मागे खाली ३ अंश'. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की पिनियनचं तोंड वर उचललं जातं, म्हणून बांधताना ते एक-दोन अंश खाली ठेवतात, म्हणजे जोर आल्यावर समांतर येतं. तिथे नुसतं 'कल कमी करा' लिहिलंत, तर कोणतं टोक खाली घ्यायचं ते वाचणाऱ्याला कळणार नाही.