ट्राउट धरायला जाताय? मग मुक्काम मनालीत नको

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही सांगलीचे. बाबांनी आख्खं आयुष्य कृष्णेवर गळ टाकला, आता ते ६८ वर्षांचे आहेत आणि एकदा तरी हिमालयातला ट्राउट धरायचाय असं दोन वर्षं म्हणतायत. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मी, बायको, नववीतला मुलगा आणि बाबा मनालीला जायचं ठरवतोय. मॉल रोडजवळ एक हॉटेल बघितलंय, पैसे अजून भरले नाहीत. तिथून फिशिंग जमेल का? बाबांचा नेहमीचा गळ आणि गांडूळ चालेल का? बायको शाकाहारी आहे.

उत्तर: पैसे भरले नाहीत ते फार बरं झालं, कारण हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउट त्याच थंडीत अंडी घालतो, म्हणून. दिवाळी नोव्हेंबरात आली की आपल्याकडची बरीच मंडळी तिथे जाऊन नुसती नदी बघून परत येतात आणि बाबांचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. मुलाची परीक्षा संपली की एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. पुढे मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं, जुलै-ऑगस्टला तर गढूळ लोंढाच असतो. पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर सगळ्यात छान, पाणी काचेसारखं, पण शाळा बुडवावी लागेल.

आता मुक्काम. मनाली फिरायला ठीक आहे हो, पण ट्राउटसाठी पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाण्यावर असायला लागतं, आणि मॉल रोडवरून गाडी काढून ट्रॅफिकमधून नदी गाठेपर्यंत ती वेळ गेलेली असते. तुम्ही तीर्थन खोऱ्यात रहा, बंजारच्या पुढे नागिणी किंवा गुशैणीला. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या दारातलं गाव आहे, नदीकाठी होमस्टे आहेत, चहा घेऊन खाली उतरलं की पाणी. उंचीही मनालीपेक्षा कमी, त्यामुळे बाबांना दम लागणार नाही. दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस घ्या आणि कंडक्टरला सांगून औटला बोगद्याच्या अलीकडे उतरा, तिथून टॅक्सीने बंजार, मग गुशैणी. कॅश बंजारमध्येच काढून ठेवा. बुक करताना एकच विचारा, खोलीपासून नदीपर्यंत किती पायऱ्या आहेत? काही ठिकाणी चढ-उतार चांगलाच आहे आणि वयस्कर माणसाला दिवसातून चारदा ते झेपत नाही.

परवाना मत्स्य विभागाचा लागतो, रोजचा. होमस्टेवाले काढून देतात किंवा कुठे मिळेल ते सांगतात. किती आणि केवढे मासे ठेवता येतात तेही तेव्हाच विचारून घ्या.

गळाबद्दल. कृष्णेवर आपण गळ टाकून बसतो, मासा आपल्याकडे येतो, इथे उलटं आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात उभा असतो आणि वाहून येणारे किडे टिपतो, म्हणून खालच्या बाजूने हळूहळू वर चालत जायचं, धोंड्याच्या थोडं पुढे स्पिनर (पाण्यात गरगरणारं धातूचं पातं लावलेलं खोटं आमिष) टाकायचा आणि प्रवाहाबरोबर खाली येऊ द्यायचा. सावली पाण्यावर पडली की संपलं. सहा-सात फुटी हलका रॉड पुरतो. गांडूळ नको, कारण ते मासा पार घशात गिळतो आणि मग सोडला तरी जगत नाही. गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका, हात ओले करून मासा धरा, फोटो काढा आणि सोडा. ही माझी कळकळीची विनंती समजा. नदीतला ब्राउन ट्राउट इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलूकडे आणून सोडलेल्या माशांचा वंशज, आणि त्याला बारमाही थंड, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. असं पाणी आता कमी उरलंय. तीर्थनवर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून तिथले लोक कोर्टापर्यंत गेले, त्यामुळे ही नदी अजून अशी आहे. खायचा असेल तर फार्मवरचा रेनबो ट्राउट घ्या, मस्त लागतो. वहिनींची चिंता नको, राजमा-भात आणि तुपात बुडवलेलं सिड्डू (गव्हाच्या पिठाचा वाफवलेला पाव) घरोघरी मिळतं.

बाबांना चपला घालून पाण्यात उतरू देऊ नका, दगड शेवाळलेले असतात. पहिल्या दिवशी एखादा स्थानिक मुलगा बरोबर घ्या.

प्रश्न: आमचं जूनचं मनालीचं बुकिंग झालंय, आता बदलता येत नाही. एखादा दिवस तरी ट्राउट? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कुलूकडे जाताना वीसेक किलोमीटरवर पतलीकुहल आहे, तिथे सरकारी ट्राउट फार्म आहे, मुलांना टाक्यांतले मासे दाखवा. बियासमध्ये जूनला पाणी इतकं चढलेलं असतं की नवख्या माणसाने रॉड घेऊन उतरूच नये. आणि खाली लारजी धरणाच्या बाजूला तर फोटोसाठीसुद्धा पात्रात जाऊ नका. ८ जून २०१४ ला धरणातून अचानक पाणी सोडलं तेव्हा हैदराबादहून सहलीला आलेले २४ विद्यार्थी तिथे वाहून गेले होते. पाणी सोडण्याआधीचा धरणाचा भोंगा ऐकू आला की धावू, असं धरून चालू नका, काठावरच थांबा.