छोट्या होडीतून खाडीत चिंबोऱ्यांचे सापळे कसे लावावेत?

जाळीचे घडीचे सापळे घेतलेत, दोघंच जण लहान होडीतून जाणार, तर ते लावायचे-उचलायचे कसे, असं तुम्ही विचारलंय. मी उरणकडचा, आमच्या खाडीचं सांगतो.

सापळ्याआधी दोरी बघा. इकडे उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या आसपास फरक पडतो. सुकतीचं, म्हणजे पूर्ण ओहोटीचं पाणी बघून दोरी कापलीत, तर भरतीला बोया, म्हणजे दोरीच्या टोकाचा खुणेचा तरंगता गोळा, पाण्याखाली जातो आणि सापळा हरवला असं वाटतं. भरतीच्या खोलीच्या दीडपट दोरी घ्या, आणि बुडणारीच घ्या. तरंगणारी दोरी सुकतीला पाण्यावर पसरते, कुणाच्याही होडीच्या पंख्यात गुंतते.

सुरुवात भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा करा, पाण्याला ओढ कमी असते. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट धरतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास सुकती.

चारा म्हणून पाकटाचे तुकडे किंवा माशांची डोकी चालतात. ती सापळ्याच्या मधोमध तारेने घट्ट बांधा. कडेला राहिली, तर चिंबोरी बाहेरूनच ओरबाडून खाते. कांदळवनातला लहान नाला खाडीला मिळतो तिथे सापळा टाका. पाणी चढू लागलं की चिंबोऱ्या खायला बाहेर पडतात.

उचलताना ओढीच्या विरुद्ध दिशेने बोयाकडे या, इंजिन न्यूट्रलला. एकाने होडी सांभाळावी, दुसऱ्याने बसून ओढावं. दोघं एकाच अंगाला झुकू नका. दोरी पायाशी साचू देऊ नका, टोपलीत घ्या.

सापळ्यात हात घालायचा नाही, उलटा करून रिकामा करायचा. चिंबोरी मागून धरा, शेवटच्या वल्ह्यासारख्या पायांच्या मुळाशी. नांग्या तिथवर पोचत नाहीत. लगेच सुतळीने नांग्या बांधा. बादलीभर पाण्यात ठेवलीत तर त्यातला प्राणवायू संपून ती मरते. ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा, चांगली टिकते. मेलेली खाऊ नका.

पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असलेली मादी तिथल्या तिथे सोडा, ही माझी कळकळीची विनंती आहे. कवच दाबून मऊ लागली तीही सोडा, आत पाणीच असतं.

आणि सापळ्याचं दार सुती दोऱ्याने बांधा. नायलॉनने बांधलेला सापळा हरवला, तर चिंबोऱ्या आत मरत राहतात आणि त्यांच्या वासाने आणखी येतात. सुती दोरा कुजला की दार आपोआप उघडतं.