फुटबॉल परत आणायचा, पण पाचव्या वर्षाचं बिल कोण भरणार?

प्रश्न : नमस्कार ताई, मी अमेरिकेत एका छोट्या खासगी युनिव्हर्सिटीतून मास्टर्स केलं आणि आता तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या कमिटीवर आहे. सगळी मिळून जेमतेम तीन हजार मुलं शिकतात. मी शिकत असताना फुटबॉलची टीम होती, नंतर खर्च परवडेना म्हणून बंद केली. आता काही जुने खेळाडू चांगली घसघशीत देणगी द्यायला तयार झालेत आणि टीम परत सुरू करा म्हणून मागे लागलेत, पुढच्या महिन्यात कमिटीत मतदान आहे. खेळातलं मला फारसं कळत नाही पण मॅचच्या शनिवारी कॅम्पसवर जी जान यायची ती मी पाहिलीय, त्यामुळे मन हो म्हणतंय आणि डोकं थांब म्हणतंय. काय करू?

उत्तर : बाकीच्या वाचकांसाठी आधी एक सांगते, इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात. आणि हा कॉलेजमधला सगळ्यात महागडा खेळ आहे, कारण एका टीममध्ये शंभराच्या आसपास मुलं असतात, त्यांचे कोच सात-आठ तरी लागतात, शिवाय प्रत्येकाचं किट, प्रवास, फिजिओ, विमा, मैदान.

तुमच्या कमिटीत कोणीतरी अलाबामाच्या बर्मिंगहॅमचं उदाहरण नक्की देईल म्हणून तेच आधी घेते. तिथल्या यूएबी युनिव्हर्सिटीने डिसेंबर २०१४ मध्ये फुटबॉल बंद केला, शहरात इतका गदारोळ झाला आणि लोकांनी, कंपन्यांनी इतके पैसे उभे केले की जून २०१५ मध्ये निर्णय फिरवावा लागला, २०१७ ला टीम मैदानात उतरली आणि २०१८ ला त्यांनी आपल्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटातल्या युनिव्हर्सिटींच्या लीगचं, विजेतेपदही जिंकलं. गोष्ट खरी आहे आणि वाचताना अंगावर काटा येतो. पण यूएबी ही वीस हजारांच्या वर विद्यार्थ्यांची सरकारी युनिव्हर्सिटी आहे, तिच्या मागे अख्खं शहर आणि मोठमोठे उद्योग उभे राहिले. तीन हजार मुलांच्या कॅम्पसने तिच्याशी बरोबरी करायला जाऊ नये. ईस्ट टेनेसी स्टेटने २००३ मध्ये बंद केलेला फुटबॉल २०१५ ला परत आणला तोही यशस्वी झाला, पण तीही तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि तिथे मुलांची फी वाढवून पैसा उभा केला हे विसरू नका.

मला विचाराल तर तुम्ही शिकागो युनिव्हर्सिटीकडे बघा. एकेकाळी तिथला फुटबॉल देशात गाजलेला, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती हाइझमन ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा मिळाली ती त्यांच्याच जे बरवँगरला, आणि तरी १९३९ मध्ये त्यांनी फुटबॉल सरळ बंद करून टाकला. पुढे त्याच रिकाम्या स्टेडियमच्या स्टँडखाली डिसेंबर १९४२ मध्ये जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली! मग १९६९ मध्ये फुटबॉल परत आला, पण जुन्या थाटात नाही, लहान प्रमाणावर. आज ते डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तीन पातळ्यांपैकी सगळ्यात खालच्या पातळीवर खेळतात, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायचीच नाही असा एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेचा नियम आहे. इतका मोठा इतिहास पाठीशी असून त्यांनी जुना रुबाब परत मिळवायचा हट्ट धरला नाही, म्हणून ते टिकलं असं मला वाटतं.

तेव्हा मतदान नुसतं ‘हो’ की ‘नाही’ असं होऊ देऊ नका, कोणत्या पातळीवर खेळणार हे आधी ठरवायला लावा. वरच्या डिव्हिजनमध्ये स्कॉलरशिप देऊन खेळायचं असेल तर माझं उत्तर स्वच्छ नाही आहे. शिवाय २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर मोठ्या युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसे देऊ लागल्यात, पहिल्या वर्षासाठीच ही मर्यादा जवळपास दोन कोटी पाच लाख डॉलर होती, त्या शर्यतीत लहान युनिव्हर्सिटीने धावायचं म्हणजे स्वतःहून दमून पडणं.

डिव्हिजन थ्री असेल तर मात्र विचार करण्यासारखं आहे, कारण तिथे हिशोब उलटा चालतो. लहान कॉलेजं तिकीट विकून कमवत नाहीत, मुलं येतात त्यांच्या फीवर चालतात. शंभर मुलं फुटबॉलसाठी म्हणून आली तर शंभर फी आल्या, आणि आता अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर जन्म घटल्यामुळे कॉलेजला जाणारी मुलंच कमी होत चाललीयत, त्यातही कॉलेजात मुलींपेक्षा मुलगे कमी, म्हणून अनेक लहान कॉलेजं हाच विचार करून फुटबॉल सुरू करतात. पण कमिटीत कोणी ‘शंभर गुणिले छापील फी’ असा आकडा फळ्यावर लिहिला की लगेच थांबवा. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम धरा, आणि त्यातूनही जी मुलं फुटबॉल नसता तरी आलीच असती ती वजा करा. मगच जे उरतं ते खरं.

आता देणगीबद्दल. देणगीने टीम सुरू होते, टीम चालत नाही. मैदान, लॉकर रूम, पहिलं किट हे सगळं देणगीतून होईल, त्याचे फोटोही छान येतील, पण कोचचा पगार दर वर्षी द्यावा लागतो आणि हेल्मेट दर वर्षी तपासून घ्यावी लागतात. तीन वर्षांनी देणगी संपली, दाते म्हातारे झाले किंवा टीम हरायला लागली म्हणून रुसले, की पैसा कुठून येणार? बहुतेक ठिकाणी तो विद्यार्थ्यांच्या फीमधून येतो, म्हणजे जी मुलगी रात्री नोकरी करून नर्सिंग शिकतेय आणि जिने एकही मॅच पाहिलेली नाही तिच्याही खिशातून. मला या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त खुपतं. म्हणून दात्यांना सांगा की रक्कम एकदम खर्चायला देऊ नका, कायमस्वरूपी निधीत टाका आणि त्याच्या व्याजावर निदान कोचिंगचा खर्च भागला पाहिजे. ज्यांना खरंच टीम हवीय ते तयार होतील. आणि फी वाढवायचीच असेल तर आधी आत्ता शिकणाऱ्या मुलांचं मतदान घ्या, माजी विद्यार्थ्यांचं नाही. आपण तिथून बाहेर पडलोय, बिल त्यांना येणार आहे.

शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी असा भेदभाव करू नका असं सांगणारा टायटल नाईन हा १९७२ चा कायदाही तुमच्या आकड्यांत धरा. फुटबॉलमुळे एकदम शंभर मुलग्यांना खेळायची संधी वाढली की मुलींच्या संधींचा तोल राखावा लागतो, आणि ज्या कॅम्पसवर मुलीच जास्त आहेत तिथे हा तोल आणखी नाजूक असतो. त्यासाठी मुलग्यांची कुस्ती किंवा टेनिस बंद केलं असं होता कामा नये, असं अनेक ठिकाणी झालंय. त्यापेक्षा मुलींची टीम त्याच दिवशी जाहीर करा, एनएआयए या लहान कॉलेजांच्या खेळ संघटनेत तर २०२१ पासून मुलींचा फ्लॅग फुटबॉल (यात खेळाडूला पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते) चालू आहे आणि तो २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे.

शेवटचं, डोक्याच्या दुखापती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात कॉलेज पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ जणांच्या मेंदूंपैकी ४८ मध्ये सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. हे मेंदू कुटुंबांनी संशय आला म्हणून दान केलेले होते, त्यामुळे प्रत्येक खेळाडूला हे होतंच असा अर्थ काढू नका, पण दुखापतींकडे बघणारे पुरेसे ट्रेनर नेमायला पैसे नसतील तर खेळच सुरू करू नये इतकं मी ठामपणे म्हणेन. इथे काटकसर चालत नाही.

आणि ती शनिवारची जान? ती मलाही कळते. पण वॉशिंग्टन राज्यातल्या गोंझागा युनिव्हर्सिटीमध्ये १९४१ नंतर फुटबॉलच नाही, त्यांनी बास्केटबॉलवर जीव लावला आणि २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय फायनलपर्यंत गेले. बास्केटबॉलला पंधरा मुलं लागतात.

तर डिव्हिजन थ्री, निधी आधी जमलेला, मुलांच्या मतदानाशिवाय फीवाढ नाही, मुलींची टीम सोबत, असं सगळं कागदावर असेल तर मनापासून हो म्हणा. यातलं एक जरी ‘नंतर बघू’ वर असेल तर नाही.

प्रश्न : ताई, माझ्या भाच्याला अशाच एका कॉलेजने बोलावलंय, तिथे बंद पडलेला फुटबॉल पुन्हा सुरू होतोय. कोच म्हणतात पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल, पैशाचीही मदत होईल. पाठवावं का?

उत्तर : पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल हे बहुधा खरं असेल, कारण सीनियर मुलंच नसतात, पण म्हणूनच अठरा वर्षांची मुलं समोरच्या बावीस वर्षांच्या मुलांशी भिडतात, पहिले एक-दोन सीझन बरीच हार आणि बराच मार खावा लागतो याची तयारी ठेवा. फुटबॉल बाजूला ठेवून त्याला तिथला कोर्स आवडतो का ते विचारा, कारण एकदा बंद झालेली टीम परत बंद होऊ शकते. आणि मदत कसली आहे ते लेखी घ्या. कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये असेल तर ती खेळासाठी असूच शकत नाही, मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर असते, म्हणजे उद्या त्याचा गुडघा गेला किंवा त्याने टीम सोडली तरी ती तशीच चालू राहायला हवी. कोचच्या तोंडी शब्दावर राहू नका, कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसचं पत्र हातात आल्यावरच हो सांगा.