पुराच्या पाण्यात पाय मोडला तर मुख्य कोड एक्स ३८ का?

नाही. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार-दुखापतींना कोड देणाऱ्या जागतिक यादीत, मुख्य कोड दुखापतीचाच: नडगीचं हाड मोडलंय ना, मग एस ८२. एक्स ३८ म्हणजे पूर. तो 'कशामुळे' सांगतो, म्हणून मागून येतो. त्याचा चौथा अंक जागेचा: घरात ०, रस्त्यावर ४.

आपल्या बडोद्यात २०२४ च्या ऑगस्टसारखी विश्वामित्री नदी चढली की मगरी पार सोसायटीत येतात. चावलीच, तर तिचा वेगळा कोड आहे, डब्ल्यू ५८. (गंमत नाही, खरंच आहे!)

खरा घोळ उन्हाळ्यात होतो. उष्माघात टी ६७.०, सोबत एक्स ३०. पण एक्स ३० फक्त नैसर्गिक उष्णतेला. भट्टीवरच्या कामगाराला डब्ल्यू ९२ लावा. म्हणून केसपेपरवर नुसतं 'गरमीमुळे' दिसलं, तर आधी डॉक्टरांना विचारा.