खेळाडूंचा ‘मसुदा’ कसा असेल?

प्रश्न मेलबर्नहून आला आहे. विचारणारे तिथल्या ‘फुटी’बद्दल, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलबद्दल, इकडच्या नातेवाइकांसाठी मराठीत लिहितात. ‘ड्राफ्ट’ला, म्हणजे क्लबांनी ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीला, त्यांनी ‘मसुदा’ लिहिलं, त्यातल्या ‘पिक’ला ‘उचल’, ‘रिबिल्ड’ला ‘पुनर्बांधणी’ आणि ‘टँकिंग’ला, म्हणजे चांगला क्रम मिळावा म्हणून मुद्दाम हरण्याला, ‘सामनानिश्चिती’. वाचून पुण्यातल्या भावाने विचारलं, “तिकडे कुठला कायदा होऊ घातलाय?” तर हे चार शब्द चालतील का, आणि ही सगळी पद्धत ‘न्याय्य’ म्हणावी की ‘समान’, असं त्यांना हवं आहे.

मसुदा पहिल्यांदा बाजूला काढू. मसुदा कागदाचा असतो: कराराचा, विधेयकाचा, मृत्युपत्राचा. माणसांचा मसुदा होत नाही. इंग्रजीत एकाच शब्दाने कच्चा लेख, बँकेची हुंडी आणि सक्तीची सैन्यभरती ही तिन्ही कामं भागतात. खेळातला ड्राफ्ट त्यातल्या तिसऱ्याच्या जवळचा आहे. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर ‘भरती’ हा शब्द अगदीच चुकीचा नाही. पर्थमध्ये वाढलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला ब्रिस्बेनने निवडलं, तर सामान बांधून त्याने ब्रिस्बेनला जायचं. तुला कुठे खेळायचंय, हे त्याला कुणी विचारत नाही.

काही जण ‘लिलाव’ सुचवतील, कारण आयपीएलने तो शब्द घरोघरी पोचवला आहे. पण लिलावात पैसा बोलतो. इथे पैशाचं तोंड मुद्दाम बांधलेलं आहे. खेळाडूंवर एका क्लबाने किती खर्च करायचा याला वेगळी मर्यादा आहेच, आणि निवडीच्या वेळी थैली सोडायची सोयच नाही. नोव्हेंबरमध्ये १८ क्लब एकामागून एक एकेक नाव उच्चारतात. सरलेल्या हंगामात जो तळाला राहिला तो पहिला, विजेता सगळ्यात शेवटी. मग दुसरी फेरी, पुन्हा तळापासून. सगळी मेख या क्रमात आहे, त्यामुळे मराठी शब्दातही क्रम दिसायला हवा.

माझी पसंती ‘निवडपाळी’ला. पाळी म्हटलं की आता एकच अर्थ डोळ्यापुढे येतो म्हणून लोक बिचकतात. पण रात्रपाळी, पाणीपाळी हे शब्द रोजच्या वापरात आहेत, तेव्हा बिचकायचं कारण नाही. त्यातली पाणीपाळी तर इथे नेमकी बसते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही ही आपल्याकडची जुनी तक्रार. त्यावर उपाय म्हणून ‘टेल टू हेड’, म्हणजे आधी शेपटाकडचं शेत आणि मग तोंडाकडचं, असा क्रम लावतात. ऑस्ट्रेलियाच्या लीगने हेच केलं. १९८६ मध्ये, लीगचं नाव अजून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग होतं तेव्हा, पहिली निवडपाळी झाली. त्याआधी हद्दी होत्या. व्हिक्टोरिया राज्याचा अमुक टापू अमुक क्लबाचा, तिथे राहणारा गुणी मुलगा त्या क्लबाचा. ज्याच्या वाट्याला सकस टापू आला त्याचं फावलं. शिवाय दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातले तयार खेळाडू पैसेवाले क्लब उचलून आणत. तोंडाकडच्यांनी पाणी अडवलं होतं म्हणा.

‘पाळी’चा दुसरा फायदा ‘पिक’ या शब्दाशी झगडताना कळतो. ‘पहिलं पिक’ असं लिहिलं की मराठी वाचक खरिपाचा विचार करतो, आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक समजून मनातल्या मनात सुधारूनही घेतो. ‘उचल’ तर ऊसतोड मजुराने मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. ‘निवड’ त्याहून बरा, पण त्यात एक घोटाळा आहे. हे क्लब ऑक्टोबरमध्ये आपापसात व्यवहार करतात, तेव्हा पुष्कळदा माणसाची नव्हे तर हक्काची देवघेव होते. पुढल्या वर्षीचा हक्कसुद्धा आज देऊन टाकता येतो. जी निवड अजून झालेलीच नाही ती विकली कशी, असा प्रश्न वाचकाला पडेल. ‘पाळी देऊन टाकली’ हे मात्र कुणालाही कळतं. म्हणून माणसासाठी निवड आणि हक्कासाठी पाळी, असा भेद मी ठेवीन.

आता न्याय्य की समान. मी म्हणेन, दोन्ही नको, ‘रास्त’ घ्या. रेशनच्या दुकानाला आपण ‘रास्त भाव दुकान’ म्हणतो, ‘समान भाव’ म्हणत नाही. निवडपाळी मुळातच असमान आहे आणि तिने तसंच असावं अशी अपेक्षा आहे. ‘न्याय्य’ हा शब्द मोठा आहे, त्यात अन्याय झाल्याची फिर्याद गृहीत धरलेली असते. रास्तपणा देवघेवीतला असतो आणि त्यात लगेच विचारता येतं: रास्त, पण कुणाला? क्लबांना बऱ्यापैकी. खेळाडूला २०१२ पर्यंत जवळजवळ नाहीच. त्या वर्षी आठ वर्षं सेवा झालेल्यांना, अटींवर का होईना, स्वतःहून क्लब बदलायची मुभा मिळाली. पण खेळाडू गेला की त्याच्या जुन्या क्लबाला लीगतर्फे जादा पाळी भरपाई म्हणून मिळू लागली, आणि खेळाडू मोठा असेल तर ती त्या क्लबाच्या स्वतःच्या पाळीला लागूनच. म्हणजे जितके खाली तितकी भरपाई भारी. २०१४ मध्ये जेम्स फ्रॉली मेलबर्न क्लब सोडून हॉथॉर्न क्लबात गेला. मेलबर्न तळाजवळ असल्यामुळे त्यांना थेट तिसरी पाळी मिळाली. रांगेत मागे उभ्या असलेल्यांची खरी तक्रार अशा मध्ये घुसणाऱ्यांबद्दल असते. शेपटाकडून सुरुवात करण्याबद्दल फार कुणी कुरकुरत नाही.

मध्ये घुसायच्या वाटा बऱ्याच आहेत. ‘फादर-सन’ हा नियम १९४९ चा, निवडपाळीच्या कितीतरी आधीचा: बाप ज्या क्लबाकडून खेळला त्या क्लबाचा मुलावर आधी हक्क. याला ‘वारसाहक्क’ म्हणा. ‘पितापुत्र नियम’ हे कीर्तनातल्या आख्यानाचं नाव वाटतं. मेलबर्नचा खेळाडू रॉन बरासी १९४१ मध्ये महायुद्धात तोब्रुकला मारला गेला. त्याचं त्याच नावाचं पोर पुढे याच नियमाने बापाच्या मेलबर्न क्लबात आलं आणि या खेळातलं सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झालं. अशा कथेशी भांडायला कुणी उभं राहत नाही, म्हणून नियम टिकला. आज बापाने त्या क्लबासाठी १०० सामने खेळलेले असले की हक्क लागू होतो.

पण कथा गोड असली तरी हिशेब कडू होता. जिलाँग क्लबाला गॅरी अॅब्लेट (धाकटा) २००१ मध्ये ४०व्या पाळीला मिळाला आणि टॉम हॉकिन्स २००६ मध्ये ४१व्या. दोघांनाही खुल्या निवडीत इतकं खाली कुणी सोडलं नसतं. मग बोली आली. आणि इथे मराठीचं नशीब उत्तम, ‘बोली’ आपल्याकडे आहेच. दुसऱ्या क्लबाने त्या मुलावर बोली लावली की बापाच्या क्लबाने तोडीची किंमत मोजायची. २०१५ पासून ही किंमत गुणांत मोजतात. पहिली पाळी ३००० गुणांची, पुढे उतरत जाते. मागच्या चार-पाच स्वस्त पाळ्या एकत्र करून पुढची एक भागवता येऊ लागली, वर सवलतही, जी आधी २० टक्के होती आणि २०२५ मध्ये १० टक्के झाली. ब्रिस्बेनने २०२२ मध्ये विल अॅशक्रॉफ्टला दुसऱ्या क्रमांकावर असं घेतलं. २०२४ चं विजेतेपद जिंकून दोन महिने झाले नाहीत तोच त्याचा भाऊ लेवाय पाचव्या क्रमांकावर आला. विजेत्याची पाळी शेवटी, हे वर लिहिलं ते आठवत असेल. २०२५ मध्ये ब्रिस्बेन पुन्हा जिंकलं.

उत्तरेकडच्या चार क्लबांच्या अकादम्यांचंही असंच आहे, तिथे तयार झालेल्या मुलावर त्या क्लबाचा आधी हक्क. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये मुलं रग्बी खेळत वाढतात. त्यांना इकडे वळवायचं तर वळवणाऱ्याला काहीतरी मिळायला हवं, हे तत्त्व मला पटतं. पण अंतिम सामना खेळलेल्या सिडनीला २०१४ मध्ये आयझॅक हीनी १८व्या पाळीला मिळाला, आणि त्याच्यावर दुसऱ्या पाळीची बोली लागलेली होती, तेव्हा व्हिक्टोरियातले क्लब खवळले ते समजण्यासारखं आहे. ‘अकादमी’ हा शब्द तसाच ठेवा. ‘प्रबोधिनी’ लिहाल तर वाचक स्पर्धा परीक्षेला बसेल.

उरली ‘प्रायॉरिटी पिक’. ‘प्राधान्य पाळी’ सरळ आहे. फारच हरणाऱ्याला द्यायची ही जादा पाळी, लिंबूटिंबूची सवलत. आणि हीच सवलत ‘टँकिंग’ला कारण झाली, म्हणून आता तो शब्द.

सामनानिश्चिती हा शब्द इथे वापरू नका. त्यात दुसऱ्या बाजूशी संगनमत असतं, बहुधा सट्टेबाजही असतो. इथे समोरच्याला काही माहीत नसतं. ‘अंगचोरी’ हा शब्द मोहक आहे, पण तो ठपका खेळाडूंवर ठेवतो, आणि मैदानावरची पोरं सहसा जिवाच्या आकांताने खेळत असतात. चोरी बाहेर बसलेले करतात: पुढच्या फळीतल्याला मागे उभं करायचं, किरकोळ दुखापतीला मोठं विश्रांतीपत्र द्यायचं, चांगल्याला बाकावर ठेवायचं. ‘रडीचा डाव’ तर बरोबर उलटा. रडी खेळणाऱ्याला हार सोसत नाही. इथे हार हवी आहे. मला ‘हार ओढवून घेणं’ सर्वांत जवळचं वाटतं. नाम हवं असेल तर मात्र टँकिंगच ठेवा, जबरदस्तीने घडवलेला शब्द कुणी वापरणार नाही.

या शब्दाचं वजन कळायला २००९ चं मेलबर्न पाहा. तेव्हाचा नियम असा, की सलग दोन हंगाम चार किंवा त्याहून कमी विजय असतील तर पहिल्या फेरीच्याही आधी एक जादा पाळी. मेलबर्नने २००८ मध्ये तीन सामने जिंकले होते. २००९ मध्ये बरोबर चार. पाचवा जिंकते तर बक्षीस गेलं असतं. त्या हंगामातला रिचमंडविरुद्धचा सामना अजूनही चघळला जातो. खेळ संपल्याचा भोंगा झाल्यावर घेतलेल्या किकवर रिचमंडने तो ४ गुणांनी जिंकला. मेलबर्नला पहिल्या दोन्ही पाळ्या मिळाल्या. चौकशी पुढे २०१२ मध्ये सुरू झाली, निकाल २०१३ च्या फेब्रुवारीत. टँकिंगचा ठपका नाही. तरीही क्लबाला ५ लाख डॉलर दंड, तेव्हाचे प्रशिक्षक डीन बेली १६ आठवडे आणि फुटबॉल विभाग सांभाळणारे ख्रिस कॉनोली वर्षभर निलंबित. गुन्हा नाही आणि शिक्षा आहे. लीगलासुद्धा तो शब्द उच्चारायचा नव्हता, असाच मी याचा अर्थ लावतो. गणिती नियमाने आपोआप मिळणारी ती पाळी तोवर रद्द झाली होती. आता देणं न देणं लीगच्या आयोगाच्या मर्जीवर. मर्जी रास्त असते का, हा वेगळाच वाद. २०१९ मध्ये गोल्ड कोस्टला मर्जीने पहिली पाळी मिळाली, आपली स्वतःची दुसरी होतीच.

आणि मेलबर्नने त्या दोन पाळ्यांचं केलं काय? टॉम स्कली दोन हंगामांत नव्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबात निघून गेला. जॅक ट्रेन्गोव्हला दुखापतींनी पोखरलं. तिसऱ्या पाळीला रिचमंडने, तोच भोंग्यानंतर जिंकलेला संघ, डस्टिन मार्टिन घेतला. त्याने पुढे तीन अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचं पदक मिळवलं आणि तिन्ही वेळा रिचमंड जिंकलं. मेलबर्नने स्वतः त्याच दिवशी ३४व्या पाळीला मॅक्स गॉन नावाचा एक उंच मुलगा घेतला होता. २०२१ मध्ये ५७ वर्षांनी मेलबर्न विजेतं झालं तेव्हा कर्णधार तो होता.

इथेच ‘रिबिल्ड’चा प्रश्नही सुटतो. पुनर्बांधणी भूकंपानंतर होते, पुरानंतर होते; पाडणारा कुणी वेगळा असतो. फुटीत पाडणारा आणि बांधणारा एकच. क्लब तिशीजवळचे खेळाडू देऊन टाकतो, पाळ्या गोळा करतो, दोन-तीन वर्षं मार खातो. ‘नवी मोट बांधणं’ही नको, मोट घाईची आणि भलत्यांची असते. मी ‘संघ नव्याने घडवणं’ म्हणेन, कारण घडवण्यात वय आहे, वेळ आहे, आणि बिघडण्याची शक्यताही आहे. हॉथॉर्नने २००४ मध्ये दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या पाळीला रफहेड, फ्रँकलिन आणि लुइस घेतले आणि २००८ मध्ये जिंकले. तो एक दिवस सगळ्या लीगला भुलवून गेला. कार्लटनने २००५ ते २००७ सलग तीन वर्षं पहिली पाळी घेतली. त्यांचं शेवटचं विजेतेपद अजून १९९५ चंच आहे. जिलाँगने तळ गाठायची तसदीच घेतली नाही, बहुतेक वर्षं वरच्या आठांत राहूनच माणसं बदलत गेले आणि २०२२ मध्ये जिंकले. तळ गाठला की आपोआप वर येता येतं, ही समजूत आकड्यांपेक्षा ‘रिबिल्ड’ या शब्दानेच जास्त पसरवली असावी.

प्रश्नात शेवटी ‘वुडन स्पून’ही होता. तळाच्या संघाला हे नाव केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेतून आलं; तिथे ऑनर्स मिळालेल्यांतल्या शेवटच्याला खरोखरीचा लाकडी चमचा देत. ‘लाकडी चमचा’ असं भाषांतर करू नका, आपल्याकडचा चमचा नेहमी वरच्याच्या जवळ सापडतो. ‘तळाचा संघ’ पुरे.